वही एक, चित्रं अनेक

मुलांनो, तुमच्या घरात कपाटावर नाहीतर गादीखाली एखादं भलंमोठं पाकीट नक्की असेल. आजोबांचा, काकांचा, नाहीतर शेजारच्या कुणाचा तरी डोक्याचा सी.टी. स्कॅन. आईला विचारून ते काढा आणि आतली काळी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरा. तिच्यावर लहान लहान चौकोनी चित्रं ओळीनं मांडलेली दिसतील. टरबुजाचे आडवे काप करावेत तसे हे डोक्याचे काप. बाहेरची पांढरी कड म्हणजे कवटी, आतला राखाडी भाग म्हणजे मेंदू.

आता जरा निरखून पाहा. बऱ्याच फिल्मवर तेच ते काप दोनदा छापलेले असतात. एका खेपेला मेंदूचे बारकावे दिसतात आणि हाड नुसतं पांढरंफटक. दुसऱ्या खेपेला हाडाच्या रेघा न् रेघा दिसतात, पण मेंदू सगळा एकसारखा मळकट. साहजिकच तुम्ही म्हणाल, यंत्रानं दोनदा फोटो काढले असतील. तर तसं नाही बरं का! पेशंट यंत्रात एकदाच गेला, मापं एकदाच घेतली. चित्र मात्र दोनदा काढलं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. त्यात बहुतेक वेळा 'डब्ल्यू' पुढे एक आकडा आणि 'एल' किंवा 'सी' पुढे दुसरा आकडा सापडतो. मेंदूच्या चित्रावर तो साधारण ८० आणि ४० असा असेल. ही जोडी लक्षात ठेवा. तिचं काम पुढे आहे.

वर्धेहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. बापूकुटी पाहायला शाळेची सहल तुमच्यापैकी अनेकांची गेली असेल. त्याच सेवाग्रामात १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिचं कस्तुरबा रुग्णालय म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्याच नव्हे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांचाही मोठा आधार. एकीकडे मातीच्या भिंतींची कुटी आणि जवळच माणसाच्या डोक्यात डोकावणारं यंत्र, अशी सेवाग्रामची गंमत आहे.

आता समजा, सेलूकडचे एक दूधवाले काका पहाटे मोटारसायकलवरून घसरले आणि त्यांचं डोकं आपटलं. बाहेरून जखम नाही, पण काका गुंगीत आहेत. कवटी हाडाची, ती काही फुग्यासारखी ताणत नाही. आत रक्तस्राव होत असेल तर साठणारं रक्त मेंदूलाच दाबू लागतं, आणि मग एकेक मिनिट मोलाचं होतं. काकांना यंत्रात निजवलं, स्कॅन झाला, चित्र पडद्यावर आलं. ते होतं हाडांसाठी लावलेलं. काकांचा भाऊ मागे उभा राहून बघतोय.

"डाक्टरसाहेब, यात तं काहीच दिसून नाही राह्यलं जी!"

"थांबा भाऊ, आत्ता दाखवतो," असं म्हणून डॉक्टर माउसचं बटण दाबून हात थोडासा सरकवतात. पडद्यावरचं चित्र हळूहळू बदलतं. मळकट पडलेला मेंदू उजळतो आणि त्याच्या एका बाजूला पांढरा डाग उठून दिसायला लागतो. तेच साकळलेलं रक्त.

काका तर केव्हाच यंत्रातून बाहेर आलेत. नवा फोटो काढला नाही, नवी मापं घेतली नाहीत. मग मघाशी न दिसलेला डाग आत्ता आला कुठून?

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर आधी पडद्यावर चित्र उमटतं कसं ते पाहायला हवं. पडद्याला स्वतःचं असं काहीच ठाऊक नसतं. तो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची एक मोठी चौकट. अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखीच, फक्त ठिपके लाखांनी. कोणता ठिपका किती उजळायचा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारी असते संगणकाची मेमरी, म्हणजे स्मृती. तिला आपण वही म्हणू. या वहीत चित्र नसतं हं, नुसते आकडे असतात. आणि तेही चौकटीत मांडलेले नसतात, मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक, एकाच रांगेत लागलेले असतात.

चौकोनी रेघांची गणिताची वही घ्या आणि पवनारचा 'प' काढू या. आठ घरं आडवी, आठ उभी. रंगवायचं घर १, मोकळं घर ०.

११११११११
००१०००१०
००१०००१०
००१०००१०
००१११११०
००००००१०
००००००१०
००००००१०

आहे ना 'प'? वर शिरोरेघ, उजवीकडे दंड. मेमरीत मात्र हा 'प' असा उभा राहत नाही. पहिली ओळ संपली की तिला लागूनच दुसरी, मग तिसरी, अशी चौसष्ट आकड्यांची एक लांबच लांब माळ होते. मग तिसऱ्या ओळीतलं सातवं घर माळेत कुठे सापडेल? आधीच्या दोन ओळींची सोळा घरं, अधिक सात, म्हणजे तेविसावं. हा त्या घराचा पत्ता. पत्त्याची किंमत सेवाग्रामकरांना वेगळी सांगायला नको. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं, आणि बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव तर प्रसिद्धच. टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं.

मेमरीतही असाच घोळ होतो. तुमची माळ मित्राच्या हातात द्या आणि 'एका ओळीत आठ घरं' हे सांगायचं मुद्दाम विसरा. त्यानं आठाऐवजी सातच घरांची ओळ धरली तर त्याच्या वहीत हे उमटेल :

१११११११
१००१०००
१०००१००
०१०००१०
००१०००१
११११०००
००००१००
०००००१०
००००००१

(शेवटचा एक ० उरतो, तो कुठेच मावत नाही.) आकडा एकही चुकलेला नाही, क्रमही तोच. तरीसुद्धा 'प'चा ताठ दंड घसरगुंडीसारखा तिरपा झाला! पडद्यावर एखादं चित्र तिरपं फाटल्यासारखं दिसलं, तर संगणक शिकणाऱ्या ताई-दादांना पहिली शंका हीच येते, की ओळीची रुंदी सांगताना कुणीतरी गफलत केली. वहीत चित्र आहे एवढ्यानं भागत नाही. ते वाचायचं कसं, हेही बरोबर सांगावं लागतं.

पडदा ही वही एकदाच वाचत नाही. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, ती पुन्हा पुन्हा वाचून घेतो. पूर्वीच्या डबा टीव्हीवर आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं यायची, तीही अर्धी अर्धी करून ५० हप्त्यांत. चित्र हलत नसलं तरी हे वाचन चालूच. आता विचार करा, पडदा वाचत वाचत अर्ध्यावर आलाय आणि नेमकं तेव्हाच कुणी वहीतलं पान खोडून नवं लिहायला लागलं तर? वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्या चित्राचा! त्यावर युक्ती अशी, की वह्याच दोन ठेवायच्या. पडदा एक वही वाचत असतो तोवर संगणक दुसरीत नवं चित्र पूर्ण काढून ठेवतो. पडद्याचं एक वाचन संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या क्षणी वह्यांची अदलाबदल. नाटकात पडद्याआड पुढच्या प्रवेशाची तयारी करतात ना, तसंच. तुमचे मोबाइलवरचे खेळ न लुकलुकता पळतात ते याच युक्तीनं.

सी.टी.च्या पडद्यामागे मात्र आणखी एक निराळी वही असते, आणि खरी गोम तिथेच आहे.

साधा एक्स-रे तुम्हाला ठाऊक आहे. १८९५ साली राँटगेन यांनी हे किरण शोधले. त्यात सगळं शरीर एकावर एक दडपून दिसतं, जणू वहीची सगळी पानं उजेडासमोर एकदम धरावीत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरनं विचार केला, की डोक्याभोवती सगळ्या बाजूंनी किरण सोडले आणि प्रत्येक वेळी किती किरण अडले ते मोजलं, तर आतल्या एकेका जागी काय आहे ते गणितानं काढता येईल. ते ज्या कंपनीत होते तिचं नाव ई.एम.आय. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या गाण्याच्या तबकड्या आजोबांना आठवत असतील, ती हीच कंपनी! पहिल्या प्रयोगात एका नमुन्याची मापं घ्यायला नऊ दिवस लागले, आणि त्या मापांवरून चित्र काढायला संगणकाला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. ते चित्र होतं ८० गुणिले ८०, म्हणजे अवघ्या ६,४०० ठिपक्यांचं. १९७९ साली हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यात वाटेकरी होते ॲलन कॉरमॅक. या गणिताचा पाया त्यांनी स्वतंत्रपणे आधीच घातला होता.

हे गणित कसलं, त्याची चव हवी असेल तर हे कोडं सोडवा. चार घरांचा चौकोन आहे, प्रत्येक घरात एक आकडा लपलाय. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या उभ्या रांगेची ८, उजवीची ६. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी बेरीज ७, आणि दुसरीकडूनही ७. चार आकडे कोणते? नुसत्या आडव्या-उभ्या बेरजांवर अडाल. तिरपी बेरीज हातात आली की चटकन सुटेल. म्हणून तर यंत्राला पेशंटभोवती गोल फिरावं लागतं.

आजकालच्या यंत्रात एका कापाची चौकट बहुधा ५१२ गुणिले ५१२ घरांची असते. गुणाकार करा : २,६२,१४४ घरं. प्रत्येक घरात एक आकडा, त्या जागेतला पदार्थ किरणांना किती अडवतो ते सांगणारा. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००. चरबी साधारण उणे १००. मेंदू २५ ते ४०. नुकतंच साकळलेलं रक्त ६०-७०. कवटीचं हाड १०००च्या आसपास, कधी त्याहूनही वर. या मापाला हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. उणे १०२४ पासून ३०७१ पर्यंत एकूण ४,०९६ निरनिराळे आकडे इथे येऊ शकतात. एक आकडा लिहायला दोन बाइट लागतात, म्हणजे एका कापाला अर्धा मेगाबाइट. तीनशे काप घेतले तर १५० मेगाबाइट. ही झाली आपली मूळ वही.

आता अडचण ऐका. वहीत आकडे ४,०९६ प्रकारचे आणि साध्या पडद्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा फक्त २५६. शून्य म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. माणसाच्या डोळ्याला तर तेवढ्याही वेगळ्या ओळखू येत नाहीत. मग चार हजार छपन्न... छे, चार हजार शहाण्णव पाहुणे २५६ खुर्च्यांवर बसवायचे कसे?

सरळ उपाय म्हणजे सोळा-सोळा आकड्यांना मिळून एक छटा द्यायची. दूधवाल्या काकांच्या स्कॅनवर करून बघू. आकड्यात १०२४ मिळवायचे, १६ नं भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. मेंदूचा आकडा ३५ धरा. ३५ अधिक १०२४ म्हणजे १०५९, भागिले १६, छटा ६६. रक्ताचा आकडा ७० धरा. १०९४ भागिले १६, छटा ६८. सहासष्ट आणि अडुसष्ट! २५६ पायऱ्यांच्या जिन्यावर फक्त दोन पायऱ्यांचं अंतर. पाटीवर काळ्या कोळशानं लिहिल्यासारखं ते. रक्त वहीत स्पष्ट नोंदलेलं आहे, मेंदूच्या दुप्पट आकडा आहे, आणि पडद्यावर ते कुणालाही दिसणार नाही. काकांच्या भावाचं काही चुकलं नव्हतं. हाडांसाठी लावलेल्या चित्रातही जवळजवळ हीच गत होते.

डॉक्टर करतात ते असं. ते संगणकाला सांगतात, मला या क्षणी हवा नको, हाड नको, मला फक्त ० ते ८० एवढेच आकडे दाखव. शून्याच्या खालचे सगळे सरसकट काळे कर, ऐंशीच्या वरचे सगळे सरसकट पांढरे, आणि सगळ्याच्या सगळ्या छटा मधल्यांना वाटून टाक. आता आकड्याला २५५ नं गुणून ८० नं भागा. मेंदूचे ३५ झाले १११. रक्ताचे ७० झाले २२३. मघाशी दोन पायऱ्यांचं अंतर होतं, ते झालं एकशे बारा पायऱ्यांचं! मळकट राखाडीवर पांढरा डाग.

या युक्तीला खिडकी म्हणतात, आणि फिल्मच्या कोपऱ्यातली ती जोडी म्हणजे खिडकीचं माप. पहिला आकडा ८०, ही खिडकीची रुंदी. दुसरा ४०, हा तिचा मध्य. चाळिसाच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस, म्हणजे ० ते ८०. डॉक्टर माउस आडवा सरकवतात तेव्हा यातला एक आकडा बदलतो, उभा सरकवतात तेव्हा दुसरा.

आणि हे सगळं घडतं हाताबरोबर, थांबायचं नाव नाही. दोन लाख बासष्ट हजार ठिपक्यांसाठी दर वेळी गुणाकार-भागाकार करत बसायचं म्हणजे खटाटोपच. त्यावर जुनी आणि मला फार आवडणारी एक युक्ती आहे. आकडे कितीही असले तरी ते ४,०९६ प्रकारांपैकीच असणार. मग खिडकी बदलली की संगणक आधी ४,०९६ ओळींचा एक पाढा तयार करतो : इतक्याला इतकी छटा. त्यानंतर एकेक घर घ्यायचं, पाढ्यात पाहायचं आणि उत्तर पडद्याच्या वहीत उतरवायचं. तुम्ही 'सत्ते पाचे पस्तीस' म्हणता तेव्हा सातदा पाच थोडेच मोजता? तसंच. अलीकडचे संगणक इतके जलद झालेत, की त्यांना पाढ्यावाचूनही भागतं. पण पाढा पाठ असलेल्याची ऐट काही औरच!

लक्षात आलं का, यात मूळ वहीला कुणी हातही लावत नाही. बदलते ती फक्त पडद्याची वही. म्हणूनच डॉक्टर मेंदू पाहून झाल्यावर त्याच काकांची कवटी पाहू शकतात. त्यासाठी खिडकी चांगली ऐसपैस, समजा उणे ५०० ते १५०० अशी उघडायची. कवटीला केसाएवढी बारीक चीर पडली असेल तर त्या जागेचा आकडा १००० वरून उतरून, समजा, ६०० होतो. मेंदूच्या खिडकीत हजारही पांढरे आणि सहाशेही पांढरे, कारण दोन्ही ऐंशीच्या वर. चीर गडप! मोठ्या खिडकीत हाडाची छटा येते १९१ आणि चिरेची १४०. चीर दिसली. पण त्याच खिडकीत मघाचं रक्त पुन्हा मेंदूत मिसळून जातं. एक दाखवायला गेलं की दुसरं लपतं. एकाच चित्रात सगळं नीट दिसेल अशी खिडकी नाहीच.

त्यातही एक जागा फार फसवी. कधी कधी रक्ताचा पातळसा थर कवटीला आतून चिकटून पसरतो. मेंदूच्या खिडकीत रक्त ७५ असेल तर छटा २३९, आणि शेजारचं हाड २५५. पांढऱ्याला लागून पांढरं! थर आहे की कवटीच जरा जाड आहे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मुरलेले डॉक्टर मधली एक खिडकी उघडून बघतात. समजा उणे २० ते १८०, म्हणजे रुंदी २०० आणि मध्य ८०. तिथे रक्त उतरतं १२१ वर आणि हाड राहतं २५५ वरच. थर सुटा दिसतो. यंत्रानं आपलं काम चोख केलेलं असतं, पण कुठल्या खिडकीतून किती वेळा डोकवायचं हे माणसानं ठरवायचं असतं.

आई-बाबांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. घाईच्या वेळी आपण काय करतो, फिल्म खिडकीला धरतो, मोबाइलनं तिचा फोटो काढतो आणि नागपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतो. डॉक्टर तो बघतात आणि म्हणतात, सी.डी. आहे का? पुष्कळांना वाटतं, फोटो स्पष्ट आला नसेल. फोटो कितीही स्पष्ट असला तरी तो एका खिडकीतून दिसलेल्या दृश्याचा फोटो. ऐंशीच्या वरचं सगळं त्यात पांढरं होऊन बसलंय. त्या पांढऱ्यातून ६०० आणि १००० पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. तांदूळ आणि साबुदाणा एकत्र दळल्यावर पीठ निवडत बसण्यासारखं ते! सी.डी.वर किंवा रुग्णालयानं दिलेल्या फाइलमध्ये मूळ वही असते, सगळ्या आकड्यांसकट. ती हाती असली की नागपुरातले डॉक्टरही हवी ती खिडकी उघडू शकतात. तेव्हा पाकिटातली ती चकती निरुपयोगी समजून पाखरं हाकलायला झाडाला टांगू नका.

फोटो बोटांनी ताणून मोठा करण्याचीही तीच कथा. सिनेमात पोलीस धूसर फोटो मोठा करत नेतात आणि शेवटी मोटारीचा नंबर वाचतात. खरोखर वहीत जेवढी घरं असतात तेवढीच असतात. मोठं करताना संगणक शेजारच्या दोन घरांकडे बघून मधली घरं अंदाजानं भरतो. चित्र गुळगुळीत होतं, माहिती तेवढीच राहते.

आता पेन्सिल घ्या. खाली एका चौकोनाचे छत्तीस आकडे दिलेत, सहा ओळी, ओळीत सहा घरं. चौकोनी वहीत ते तसेच उतरवा. तुमची खिडकी अशी : ५० च्या वरचे आकडे असलेली घरं कोरी सोडायची, बाकीची पेन्सिलनं गडद भरायची.

६८ ७१ ६६ ७० ६४ ६९
३१ ६७ ३५ २९ ७२ ३३
३४ ६५ ३० ३६ ६८ २८
२९ ७० ३३ ३१ ६६ ३५
६९ ६७ ३२ ३४ ७१ ३०
३६ २८ ३५ ३३ ६५ ३१

काय उमटलं? दुसरा प्रश्न मोठ्या मुलांसाठी. हेच छत्तीस आकडे खिडकी न लावता, म्हणजे १०२४ मिळवून १६ नं भागून पडद्यावर पाठवले, तर एकूण किती वेगवेगळ्या छटा मिळतील, आणि कोणत्या? चार घरांच्या कोड्यासह तिन्ही उत्तरं पुढच्या अंकात. तोवर पाकिटातली फिल्म काढाल तेव्हा कडेला धरा. मधे बोटांचे ठसे उठले तर आजोबा रागावतील.